साध्वी एलिझाबेथ फ्राय

परोपकारी स्त्रियांचीं चरित्रें चाळूं लागलें म्हणजे असें आढळतें कीं, त्यांतील पुष्कळजणी एकतर अविवाहित होत्या, किंवा संसाराच्या पाशांतून मोकळ्या झालेल्या होत्या. जिच्या पदरीं मुलेंबाळें आहेत व जिच्या घरीं पैपाहुण्यांची वर्दळ आहे, तिला लोकसेवेस सवड कोठून मिळणार, असें सुशिक्षित घरांतूनही बोललें जातें. म्हणून या अंकीं आम्ही अकरा मुलांच्या एका मातेचें चरित्र वाचकांस सादर करीत आहोंत.

एलिझाबेथ गर्नी यांचा जन्म इंग्लंडांतील नॉर्विच शहरीं ता. २१ मे १७८० रोजीं झाला. घराणें सधन व पंथानें क्वेकर. त्या काळीं या पंथाच्या लोकांचा पोशाख साधा असे, उपासना बहुधा मूक असे. त्यांच्यांत पगारी पाळक नसे, आणि उपदेश करण्यास स्त्रियांनाही मोकळीक असे. गर्नी मंडळी मात्र नाचगाण्याची व रंगीत वस्त्रांची शोकी होती. एलिझाबेथ बारा वर्षांच्या असतां त्यांचें मातृछत्र हरपलें. १७९८ सालीं अमेरिकेहून विल्यम सेव्हरी नांवाचे क्वेकर उपदेशक नॉर्विच येथें आले. त्यांच्या उपासनेस ही अठरा वर्षांची (खरें म्हणजे अठराव्या वर्षांतली) मुलगी जांभळे बूट व त्यांस तांबड्या नाड्या अशा थाटानें गेली, आणि परत येतांना रडत आली. पुढें लवकरच तिनें गोरगरिबांच्या मुलांस घरीं जमवून वाचावयास शिकविण्यास आरंभ केला. त्या मुलांची संख्या सत्तरावर गेली.

१८०० सालीं लंडन येथील चहाचे व्यापारी व पेढीवाले जोसेफ फ्राय यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पहिलें अपत्य १८०१ सालीं झालें व अकरावें १८२२ सालीं. या शेवटच्या मुलाचा जन्म झाला त्याच दिवशीं बाईंच्या एका लेकीसही पहिलें मूल झालें, म्हणजे मामा व भाचा-भाची यांचा वाढदिवस एकच!

१८१३ सालच्या हिंवाळ्यांत स्टीफन ग्रेलेट नांवाच्या गृहस्थांनीं न्यूगेट येथील तुरुंग पाहून येऊन तेथील स्त्रियांची हकीकत फ्रायबाईंस सांगितली. चार खोल्यांत सुमारें तीनशें स्त्रिया व त्यांचीं मुलें कोंडलेलीं होतीं. तेथेंच स्वयंपाक, तेथेंच धुणें, तेथेंच निजणें. शिक्षा झालेल्या व चौकशी व्हावयाच्या अशा सर्वजणी एकत्र होत्या. तान्ह्या मुलांच्या अंगावर चिंधीही नव्हती. ही शेवटची गोष्ट बाईंच्या मनास विशेष लागली असावी, कारण त्यांनीं प्रथम जें केलें तें म्हणजे फ्लॅनेलचे लहान लहान कपडे शिवून घेणें. ते घेऊन त्या तुरुंगांत गेल्या. आंत जाण्यास अधिकारीही कचरत असत.

यानंतर सुमारें चार वर्षें बाई तेथें नेमानें जाऊं शकल्या नाहींत. त्यांचीं चरित्रें सांगणारे हा काळ भरभर ओलांडून जातात. आमच्या मतें येथेंच थोडें थांबावें. या वर्षांत त्यांच्या घरीं आणखी मुलें जन्मलीं, पेढीला ओढगस्त आली, थोरल्या मुलांस कांहीं काळ नातलगांकडे ठेवावें लागलें. आणि १८१५ सालीं बेटसी नांवाची पांच वर्षांचीही न झालेली लेक देवाघरीं गेली. १८१६ च्या अखेरीस न्यूगेटच्या दारांत पुन्हां उभी राहिलेली स्त्री ही मूल गमावलेली आई होती. आणि तिनें बंदिवान स्त्रियांशीं बोलणें काढलें तें त्यांच्या पापांविषयीं नव्हे, तर त्यांच्या मुलांविषयीं: या निरपराध लेंकरांसाठीं आपण मिळून कांहीं करूं शकूं काय? शाळेची कल्पना निघतांच त्या आयांनीं ती उचलून धरली, व घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा भोगीत असलेल्या मेरी कॉनर नांवाच्या तरुणीस शिक्षिका म्हणून आपल्यांतूनच निवडलें. अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. तरी एक रिकामी कोठडी मिळाली. मुलें शिकूं लागलीं, तेव्हां मोठ्या बायका दाराशीं येऊन आम्हांसही शिकवा म्हणूं लागल्या.

१८१७ च्या एप्रिलांत बारा स्त्रियांचें एक मंडळ स्थापन झालें. त्यांतील अकराजणी क्वेकर होत्या व एक पाळकाची पत्नी होती. शिवणकाम, विणकाम, शास्त्रवाचन यांचा क्रम बसविण्यांत आला. नियम करतांना प्रत्येक नियम बंदिवानांस वाचून दाखविला व त्यांनीं हात वर करून संमति दिल्यावरच तो ठरविला, हें शिक्षक म्हणून आम्हांस फार शिकण्यासारखें वाटतें. १८१८ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें बाईंची साक्ष झाली.

त्याच वर्षीं एका अपयशाचा डागही त्यांस सोसावा लागला. हॅरिएट स्केल्टन नांवाच्या स्त्रीस बँकेच्या खोट्या नोटा चालविल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली होती. तिचा जीव वांचविण्यासाठीं बाईंनीं गृहमंत्री लॉर्ड सिडमथपर्यंत खटपट केली. मंत्र्यांची मर्जी गेली, पण फांशी टळली नाहीं. पुढें २००२ सालीं त्याच बँक ऑफ इंग्लंडनें आपल्या पांच पौंडांच्या नोटेवर फ्रायबाईंचें चित्र छापिलें. ती नोट २०१७ सालीं चलनांतून गेली. काळाचा हा महिमा हॅरिएटच्या उपयोगीं मात्र पडला नाहीं.

त्या काळीं आपल्याकडील काळ्या पाण्यासारखी शिक्षा म्हणजे ऑस्ट्रेलियांत रवानगी. जाण्याच्या आदल्या रात्रीं बायका तुरुंगांत दंगा करीत, व दुसऱ्या दिवशीं त्यांस उघड्या गाड्यांतून लोकांच्या शिव्या खात बंदरावर नेत. बाईंनीं बंद गाड्यांची परवानगी मिळविली आणि स्वतः बरोबर गेल्या. प्रत्येकीस कापडाचे तुकडे, सुया व दोरा यांचें गांठोडें देत. म्हणजे वाटेंत महिनोगणती रिकामें न बसतां गोधडी शिवावी व उतरल्यावर ती विकून चार पैसे हातीं असावे. राजा नांवाच्या जहाजावर १८४१ सालीं शिवलेली अशी एक मोठी गोधडी कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयांत जपलेली आहे.

घर सोडून तुरुंगांत हिंडणारी बाई, असा बोल त्यांस आयुष्यभर लागला. १८२८ सालीं पतीची पेढी बुडाली, तेव्हां तर पैसा बायकोच्या दानधर्मांत गेला, अशी कुजबूज झाली. पंथानें पतीस सभासदत्वावरून काढिलें; प्लॅशेट येथील आवडतें घर सोडून अप्टन येथें लहान घरीं जावें लागलें; माहेरच्या भावांनीं आधार दिला म्हणून निभाव लागला. बहुतेक मुलांनीं पंथाबाहेर लग्नें केलीं, आणि अशा लग्नांस आईबापांनीं हजर राहूं नये असा पंथाचा नियम होता! बाईंच्या रोजनिशींत या गोष्टींची खंत वारंवार दिसते. आपण मुलांस कमी पडलों कीं काय, हा प्रश्न त्या स्वतःसच इतका विचारीत कीं, निंदकांनीं तो विचारण्याची गरज नव्हती. त्या सर्व बाबतींत निर्दोष होत्या असें आम्हांसही म्हणावयाचें नाहीं.

तरी काम थांबलें नाहीं. किनाऱ्यावरील पहारेकऱ्यांसाठीं त्यांनीं ग्रंथालयें उभारविलीं. १८४० सालीं रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची संस्था काढली. १८४२ सालीं प्रशियाचे राजे न्यूगेट पाहून बाईंच्या घरीं जेवावयास आले, तेव्हां मुलें, सुना, जांवई व नातवंडें यांची रांगच त्यांच्यापुढें उभी होती. पण १८४४ सालीं विल्यम हा मुलगा व त्याच्या दोन मुली तांबड्या तापानें दगावल्या, आणि बाई खचल्या.

ता. १२ ऑक्टोबर १८४५ रोजीं रॅम्सगेट येथें त्यांचा अंत झाला. बार्किंग येथील क्वेकर दफनभूमींत शेंकडो लोक मूकपणें उभे होते. मुलांविषयींच्या खंतीनें भरलेल्या त्यांच्या रोजनिशा कॅथरिन व रेचल या दोन मुलींनींच निवडून, आईच्या चरित्रासह १८४७ सालीं दोन भागांत छापिल्या.