पोयबावडीच्या दोन खोल्या ते राजगृह

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची धम्मदीक्षा हे तर आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. म्हणून या स्मरणिकेत आम्ही जरा वेगळा, घरगुती विषय घेतला आहे, तो म्हणजे बाबासाहेबांच्या घराचा. आपल्या वस्तीत चार माणसे जमली की हीच चर्चा होते. भाड्याने राहायचे की कर्ज काढून स्वतःची जागा करायची? हा प्रश्न बाबासाहेबांपुढेही होता, आणि तो त्यांनी बरीच वर्षे बाजूला ठेवला होता.

सुभेदार रामजीबाबा फौजेत होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला तो सरकारी जागेतच. पुढे दापोली, सातारा आणि मग मुंबई. मुंबईत आल्यावर परळ भागात डबक चाळीतल्या एका खोलीत सारे बिऱ्हाड. त्याच खोलीत पहाटे उठून अभ्यास करून भीमराव मॅट्रिक झाले. १९१२ साली कुटुंब पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. पहिल्या नंबरची चाळ, दुसरा मजला, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्या. प्लेगच्या साथीनंतर मुंबईत ज्या ट्रस्टने चाळी बांधल्या, त्यांतलीच ही एक. भाडे ठरलेले आणि शेजार गिरणी कामगारांचा.

या दोन खोल्यांत बाबासाहेबांचा संसार वीस वर्षांहून अधिक काळ चालला. ते अमेरिकेत आणि लंडनला शिकत होते तेव्हा मागे या खोल्यांत माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि मुले होती. शेणी थापून, अर्धपोटी राहून रमाईंनी दिवस काढले. पोटची चार लेकरे त्यांनी गमावली. करवीरचे शाहू छत्रपती बाबासाहेबांना भेटायला आले ते याच चाळीत. आजही मुंबईला गेलो की ही चाळ पाहिल्याशिवाय आमचा पाय निघत नाही.

आता बडोद्याचे प्रकरण. ते सर्वांना ठाऊक असले तरी इथे सांगायलाच हवे, कारण भाड्याचे घर म्हणजे काय हे त्यातून कळते. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. खिशात पगार होता, भाडे द्यायची तयारी होती, पण जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले, रोजाला दीड रुपया भाडे देऊन. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, पण तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा खाली करा, असा हुकूम झाला. त्यांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही या ना त्या कारणाने टाळले. मग गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले.

भाडे वेळेवर दिले म्हणजे घर मिळते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आडनाव ऐकून जागा नाही म्हणणारे घरमालक आपल्यालाही भेटलेलेच आहेत.

तरीसुद्धा मुंबईत येऊन बाबासाहेबांनी घाईने घर केले नाही. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात साडेचारशे रुपयांची प्राध्यापकी मिळाली. त्या काळी ही मोठी रक्कम! दुसरा कोणी असता तर ताबडतोब मोठी जागा घेतली असती. बाबासाहेब चाळीतच राहिले. रमाईंच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम द्यायची आणि उरलेला पैसा गाठीला बांधायचा, असा क्रम ठेवला. त्या शिलकीवर आणि मित्रांच्या मदतीवर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. आधी शिक्षण, घर मागाहून. हा हिशोब त्यांचा पक्का होता. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात ते भाड्याने राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले.

१९२३ नंतर वकिली सुरू झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कचेरी होती. माणसांची रीघ वाढत होती आणि पुस्तके तर त्याहून वाढत होती. दोन खोल्यांत माणसे राहणार कुठे आणि ग्रंथ ठेवणार कुठे? अखेर १९३०च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन प्लॉट घेतले आणि कर्ज काढून बांधकाम सुरू केले. इथे त्यांचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. एक इमारत राहण्यासाठी आणि ग्रंथांसाठी, ती राजगृह. दुसरी भाड्याने देण्यासाठी, ती चारमिनार. चाळीचे भाडे भरणारा माणूस आता स्वतः घरमालक होणार होता!

घराला नाव दिले राजगृह. मगधाच्या बिंबिसार राजाची ती राजधानी. तिथेच भगवंतांना वेळुवन दान मिळाले, आणि महापरिनिर्वाणानंतरची पहिली संगीतीही तिथेच झाली. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ सालची. त्याच्या आधीच हे नाव दारावर लागले होते, हे विसरू नये.

१९३३-३४च्या सुमारास कुटुंब राजगृहात राहायला आले. वरच्या मजल्यावर ग्रंथालय, भिंतीला लागून कपाटेच कपाटे. पण रमाईंना हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांनी याच घरात शेवटचा श्वास घेतला. वीस-बावीस वर्षे चाळीत काढली आणि स्वतःच्या घरात पुरती दोन वर्षेही नाहीत. आमच्या आयाबाया अजूनही हे बोलताना डोळ्याला पदर लावतात.

पुढे देणी वाढली. ग्रंथखरेदी काही थांबेना. तेव्हा १९४१ साली बाबासाहेबांनी चारमिनार विकली. दोन्हीपैकी एक ठेवायची तर व्यवहारी माणूस भाडे देणारी इमारत ठेवील. बाबासाहेबांनी भाड्याची विकली आणि पुस्तकांची ठेवली. यात त्यांचा तोटा झाला असे म्हणणारे म्हणोत, आम्हाला तसे वाटत नाही.

१९४२ पासून दिल्लीचे वास्तव्य सुरू झाले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात आणि नंतर कायदेमंत्री म्हणून सरकारी बंगले मिळाले. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून राजीनामा दिला आणि बंगला सोडला. दिल्लीत स्वतःचे घर नव्हतेच. सिरोहीच्या महाराजांचा २६, अलीपूर रोड हा बंगला भाड्याने घेतला आणि माईसाहेबांसह तिथे राहिले. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ तिथेच पुरा झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेही त्या भाड्याच्या बंगल्यात. २०१८ साली तिथे राष्ट्रीय स्मारक उघडण्यात आले.

त्याच रात्री विमानाने पार्थिव मुंबईला आणले. थेट राजगृहात. कॉलनीच्या गल्ल्या माणसांनी भरून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला दुपारी, अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली ती त्यांच्या स्वतःच्या घराच्या दारातून.