‘ॲलर्जी’ हा शब्द देणारा बालरोगतज्ज्ञ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची व्हिएन्ना. तिथल्या मुलांच्या रुग्णालयात घटसर्प आणि स्कार्लेट तापाने आजारी असलेली मुले दाखल होत. त्यांच्यावर उपाय म्हणून घोड्याच्या रक्तापासून तयार केलेल्या सीरमचे इंजेक्शन दिले जाई. घटसर्पाच्या सीरममुळे असंख्य मुलांचे प्राण वाचत होते. पण काही मुलांच्या बाबतीत वेगळेच घडे. मूल बरे होऊ लागलेले असताना आठ-दहा दिवसांनी त्याला पुन्हा ताप येई, अंगावर पित्ताच्या गांधी उठत, सांधे दुखत, गळ्याच्या गाठी सुजत. हा मूळ आजार उलटला, की सीरममध्येच काही विषारी होते, याची चर्चा डॉक्टरांमध्ये चाले.

या रुग्णालयातील एक तरुण डॉक्टर मात्र दिवस मोजत होते. त्यांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के. आज घराघरांत वापरला जाणारा ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यांनी दिलेला आहे.

पिर्के यांचा जन्म 12 मे 1874 रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शश्टेटन येथे एका उमराव घराण्यात झाला. आधी त्यांनी इन्सब्रुकला धर्मशास्त्राचा आणि बेल्जियममधील लूव्हेन येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. धर्मगुरू होण्याची ही वाट सोडून ते वैद्यकशास्त्राकडे वळले आणि 1900 मध्ये ग्राझ विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे व्हिएन्नात त्यांना थिओडोर एशेरिश यांच्या हाताखाली काम करायला मिळाले. ‘ई. कोलाय’ या जिवाणूच्या नावातील ‘ई’ हे अक्षर याच एशेरिश यांच्या नावावरून आले आहे.

पिर्के आणि त्यांचे हंगेरियन सहकारी बेला शिक यांनी सीरम दिलेल्या मुलांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. इंजेक्शन कधी दिले, ताप कोणत्या दिवशी आला, पुरळ कधी उठले, हे लिहून ठेवताना त्यांना एक गोष्ट दिसली. पहिल्यांदा सीरम दिले, तर त्रास साधारण एक ते दोन आठवड्यांनी होतो. त्याच मुलाला काही काळाने पुन्हा सीरम द्यावे लागले, तर तोच त्रास काही तासांत किंवा एका दिवसात सुरू होतो. सीरम तेच, मूलही तेच. बदलली होती ती शरीराची प्रतिक्रिया.

सीरम मुळातच विषारी असते, तर पहिल्यांदाही त्याने वाट पाहिली नसती. मधले दिवस शरीर प्रतिपिंडे तयार करण्यात घालवते आणि ती घोड्याच्या प्रथिनांशी भिडली की आजाराची लक्षणे दिसतात, असा निष्कर्ष पिर्के यांनी काढला. संरक्षण करणारी यंत्रणाच आजार घडवू शकते, हा विचार त्या काळी पचायला जड होता. पिर्के यांनी 1903 मध्ये आपला सिद्धांत बंद लिफाफ्यात व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवला. 1905 मध्ये शिक यांच्यासह ‘सीरमचा आजार’ या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले.

1906 मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी छोटासा लेख लिहिला आणि त्यात नवा शब्द सुचवला. ग्रीक भाषेत ‘ॲलॉस’ म्हणजे दुसरे, वेगळे आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य. यावरून ‘ॲलर्जी’, म्हणजे बदललेली प्रतिक्रिया. एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीर पुढच्या वेळी वेगळे वागते, एवढाच त्याचा अर्थ होता. ते वेगळे वागणे संरक्षण देणारे असेल किंवा त्रास देणारे. परागकणांमुळे होणारी सर्दी, मधमाशीचा दंश, खेकडा किंवा स्ट्रॉबेरी खाल्ल्यावर उठणारे पित्त हे सगळे त्यांनी एकाच सूत्रात आणले. लोकांच्या तोंडी हा शब्द रुळला तो मात्र फक्त त्रासाच्या अर्थाने.

देवीची लस दुसऱ्यांदा टोचली, की हातावरची प्रतिक्रिया लवकर उमटते, हेही पिर्के यांनी टिपले होते. मग शरीराची ही आठवण त्वचेवरच वाचता येईल का? 1907 मध्ये त्यांनी क्षयरोगाच्या जिवाणूपासून बनवलेल्या ट्युबरक्युलिनचे थेंब मुलांच्या हातावर ठेवून तिथली त्वचा अगदी वरवर खरवडली. जवळच ट्युबरक्युलिन न लावता तसाच एक ओरखडा काढला, म्हणजे नुसत्या खरवडण्याने आलेली लाली ओळखता येईल. एक-दोन दिवसांत औषधाच्या जागी लाल फुगवटा आला, तर त्या मुलाच्या शरीराची क्षयाच्या जिवाणूशी कधीतरी गाठ पडली होती. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या शार्ल मांटू यांनी या चाचणीत सुधारणा केली. आपल्याकडे आजही केली जाणारी ‘मांटू टेस्ट’ ती हीच.

या चाचणीने एक मोठा धडा दिला. व्हिएन्नातील वाढत्या वयाच्या बहुतेक मुलांमध्ये ती पॉझिटिव्ह येऊ लागली. पण ती सारी मुले क्षयाने आजारी नव्हती. चाचणी शरीराची आठवण सांगत होती, आजार नव्हे. आजार ठरवायचा तर मुलाची लक्षणे पाहावी लागत.

ॲलर्जीच्या आजच्या निदानातही हाच धडा लागू पडतो. धुळीतील माइट, परागकण, झुरळ, बुरशी किंवा अन्नपदार्थ यांच्यासाठी ‘स्किन प्रिक टेस्ट’ करतात. हातावर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि 15 ते 20 मिनिटांनी गांध मोजतात. शेजारी तुलनेसाठी एक साधा थेंब आणि एक हिस्टामिनचा थेंब असतो. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर गांध उठतच नाही. रक्ताच्या तपासणीत ‘आयजीई’ ही प्रतिपिंडे मोजतात. त्यांचा शोध 1960 च्या दशकात, म्हणजे पिर्के यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला. गाजर गवत, केसांचा रंग किंवा नकली दागिन्यांतील निकेल यांमुळे होणारा इसब मात्र वेगळ्या, सावकाश चालणाऱ्या प्रक्रियेतून होतो. त्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून साधारण दोन आणि चार दिवसांनी त्वचा पाहतात. याला ‘पॅच टेस्ट’ म्हणतात.

यांपैकी कोणतीही चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी तेवढ्यावर निदान होत नाही. अंड्यासाठी चाचणी पॉझिटिव्ह असूनही रोज अंडे बिनत्रास खाणारी मुले असतात. म्हणून काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, पुन्हा खाल्ल्यावर तसेच झाले का, हे प्रश्न आधी येतात. शंका उरलीच, तर रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन खात्री करतात. हा प्रयोग घरी करू नये. श्वास लागणे, घसा किंवा जीभ सुजणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसली, तर चाचणीचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

पिर्के 1909 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे प्राध्यापक झाले. काही काळ ब्रेस्लाऊ येथे काढून 1911 मध्ये ते व्हिएन्नाला एशेरिश यांच्या जागी परतले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील मुलांची उपासमार होऊ लागली. तेव्हा अमेरिकी मदतीतून चाललेल्या मुलांच्या भोजन योजनेची सूत्रे त्यांनी सांभाळली. एक ग्रॅम दूध हे एकक धरून त्यांनी प्रत्येक अन्नाचे पोषणमूल्य मांडले, मुलांची मोजमापे घेतली आणि लाखो मुलांना रोज जेवण मिळण्याची व्यवस्था लावली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले. ते त्यांना मिळाले नाही. 28 फेब्रुवारी 1929 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी, त्यांनी आणि पत्नी मारिया यांनी आत्महत्या केली. या बातमीने व्हिएन्ना हादरून गेली.

आज एकाच रक्त तपासणीत शेकडो पदार्थांची यादी मिळते. त्यातील ‘आयजीजी’ प्रतिपिंडांवर आधारलेल्या अन्नचाचण्या तर ॲलर्जीच्या निदानासाठी ग्राह्य नाहीत, असे या विषयातील तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. तरीही अशा अहवालावरून मुलाचे दूध, गहू, अंडे, शेंगदाणे एकदम बंद केले जातात आणि मूल वाळत जाते. पिर्के यांनी अर्धे आयुष्य शरीराची प्रतिक्रिया वाचण्यात घालवले आणि उरलेले मुलांच्या पोटात पुरेसे अन्न घालण्यात. मुलाचा एखादा पदार्थ बंद करण्याआधी त्यांच्यासारखीच एक वही करावी. खाल्लेला पदार्थ, वेळ आणि त्रास तीत लिहावा आणि ती वही चाचणीच्या अहवालासोबत डॉक्टरांना दाखवावी.