कुमसार नाकारलेला धर्मगुरू

मागच्या सत्रात आमच्या वर्गात एक वाद रंगला. धर्म माणसाला चांगलं वागायला लावतो, की वाईट वागण्यावर पांघरूण घालतो? वर्गातली मी एकटीच कॅथलिक, त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा विषय निघाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला काही सुचलं नाही. नंतर बार्तोलोमे दे लास कासास यांच्याविषयी वाचलं आणि निदान प्रश्न तरी नीट कळला.

त्यांचा जन्म १४८४ चा, स्पेनमधल्या सेव्हिल शहरातला. वडील कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीला गेले होते. परतताना त्यांनी एका तैनो मुलाला गुलाम म्हणून आणलं आणि बार्तोलोमेच्या सेवेला दिलं. पुढे राणी इसाबेलाच्या हुकमाने त्याला परत पाठवावं लागलं. १५०२ मध्ये लास कासास स्वतः हिस्पॅनिओला बेटावर गेले. तिथे 'एन्कोमिएंदा' नावाची पद्धत होती. वसाहतदाराच्या ताब्यात तिथले लोक दिले जायचे. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. शिकवणं नावापुरतंच होतं. शेतात आणि सोन्याच्या खाणीत लोक राबून मरत होते. लास कासास धर्मगुरू झाले, तरी त्यांच्याकडेही असे लोक होतेच. मिस्सा अर्पण करणं आणि माणसं राबवणं, दोन्ही एकाच घरात चालू होतं आणि त्यांना त्यात वावगं वाटत नव्हतं.

डिसेंबर १५११ मध्ये, आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन फादरनी प्रवचन दिलं. या लोकांवर जुलूम करणारे सगळे जण महापापात जगत आहेत, असं त्यांनी वसाहतदारांना तोंडावर सांगितलं. लोक भडकले. याच संघातल्या एका फादरनी पुढे लास कासास यांचा कुमसार, म्हणजे पापनिवेदन, ऐकायला नकार दिला. कारण एकच, त्यांच्या ताब्यात माणसं होती. लास कासास यांनी वाद घातला, पण माणसं सोडली नाहीत.

त्यानंतर ते क्युबाच्या मोहिमेत चॅप्लन म्हणून गेले. काओनाओ या गावात स्पॅनिश सैनिकांनी निःशस्त्र लोकांची केलेली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तरीही मोहिमेचं बक्षीस म्हणून मिळालेली एन्कोमिएंदा त्यांनी घेतलीच! १५१४ मध्ये पेंटेकॉस्टच्या सणासाठी प्रवचन तयार करताना बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाचा चौतिसावा अध्याय त्यांच्यासमोर आला. गरिबांना लुबाडून आणलेलं अर्पण देवाला चालत नाही, असा त्याचा आशय. तिथे ते अडकले. काही दिवस विचार केला आणि मग आपल्या ताब्यातली सगळी माणसं सोडून दिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी हे प्रवचनातून जाहीर केलं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण स्थानिक लोकांना वाचवायच्या धडपडीत त्यांनी राजाला सुचवलं की कामाला आफ्रिकेतून गुलाम आणावेत. एकाचं दुःख दिसलं, दुसऱ्याचं दिसलं नाही. पुढे त्यांना ही चूक कळली. आफ्रिकी लोकांची गुलामीही तेवढीच अन्यायाची आहे, हे त्यांनी आपल्या इतिहासग्रंथात लिहिलं आणि स्वतःला दोषी ठरवलं. तो ग्रंथ छापून आला थेट १८७५ मध्ये.

मधल्या काळात ते डॉमिनिकन संघात गेले. १५४२ चे 'नवे कायदे' होण्यामागे त्यांची मोठी खटपट होती. चियापासचे बिशप झाल्यावर त्यांनी माणसं न सोडणाऱ्या वसाहतदारांना पापक्षमा द्यायची नाही, असा दंडक घातला. जे एकदा त्यांच्याशी घडलं होतं, तेच आता ते करत होते. गावकरी खवळले, शेवटी बिशपना स्पेनला परतावं लागलं. १५५०-५१ मध्ये वय्यादोलिद इथे हुआन हिनेस दे सेपूल्वेदा यांच्याशी त्यांचा प्रसिद्ध वाद झाला. सेपूल्वेदाही ख्रिस्ती विद्वानच. या लोकांवर युद्ध करणं न्याय्य आहे, असं ते म्हणत होते. निकाल स्पष्ट लागलाच नाही. लास कासास १५६६ मध्ये माद्रिदला वारले, तोवर ते लिहीत आणि भांडत राहिले.

म्हणजे बायबल एकच होतं. जुलूम करणाऱ्यांच्या हातात तेच, मोंतेसिनोस यांच्या हातातही तेच. बारा वर्षं लास कासास यांच्याही हातात होतं आणि त्याने त्यांना अडवलं नाही. मग अडवलं तेही त्यानेच, पण आधी कोणीतरी तोंडावर नाही म्हटलं होतं. वर्गातल्या दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर होत्या, असं मला आता वाटतं.

आता शनिवारी कुमसाराच्या रांगेत उभी राहिले की मी नेहमीची यादी मनात म्हणते, खोटं बोलले, चिडले, मिस्सा चुकवली. आणि मग विचार येतो, की या यादीत कधीच न येणारी, मला वावगीच न वाटणारी माझी एन्कोमिएंदा कोणती असेल?