मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल व त्यांच्या नोंदवह्या

हातांत दिवा घेऊन रात्रीच्या वेळीं जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या बाईचें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेच्या पुस्तकांत किंवा दवाखान्याच्या भिंतीवर पाहिलें असेल. तें चित्र खोटें नाहीं. परंतु त्या बाईंनीं रोग्यांच्या उशाशीं घालविलेला काळ सारा मिळून तीन वर्षांच्या आसपास भरेल, आणि कागदांच्या ढिगांत बसून मेलेल्या माणसांची मोजदाद करण्यांत घालविलेला काळ चाळीस वर्षांचा आहे. ह्या दुसऱ्या कामाची हकीकत फारसें कोणी सांगत नाहीं, म्हणून ती येथें देत आहों.

नाइटिंगेलबाईंचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला, व त्या शहराचेंच नांव त्यांस ठेवण्यांत आलें. घराणें इंग्लंडांतील, श्रीमंत व जमीनजुमल्याचें. वडिलांनीं दोन्ही मुलींस स्वतः ग्रीक, लॅटिन, इतिहास वगैरे विषय शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला मात्र गणिताची विलक्षण गोडी. श्रीमंतांच्या मुलीनें हिशेबाच्या वह्यांत डोकें खुपसून बसावें हें आईस रुचत नसे. पुढें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, १८३७ सालच्या फेब्रुवारींत, देव आपणांस सेवेकरितां बोलावीत आहे अशी त्यांची खातरी झाली; पण कोणती सेवा, हें कळावयास आणि घरच्यांची संमति मिळावयास पुष्कळ वर्षें गेलीं. त्या काळीं इस्पितळांत चाकरी करणाऱ्या बायका दारूबाज व हलक्या समजल्या जात. जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं कैसर्सवर्थ ह्या गांवीं पास्टर फ्लीडनर यांनीं सेविकांचें एक गृह चालविलें होतें, तेथें १८५१ सालीं बाईंनीं तीन महिने राहून काम शिकून घेतलें. १८५३ सालीं लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाचा कारभार त्यांजकडे आला.

त्यानंतर एकाच वर्षानें क्रिमियाची लढाई. इंग्लंड व फ्रान्स हीं राष्ट्रें तुर्कांच्या बाजूनें रशियाशीं लढत होतीं. आजारी व जखमी शिपायांस जहाजांत घालून काळ्या समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथें आणीत. तेथील हाल वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हां सिडनी हर्बर्ट ह्या मंत्र्यांनीं नाइटिंगेलबाईंस ३८ परिचारिकांसह तिकडे धाडिलें. ता. ४ नोव्हेंबर १८५४ रोजीं त्या पोहोंचल्या. इस्पितळ म्हणजे तुर्कांची एक अवाढव्य बराक. शिपाई जमिनीवर ओळीनें पडलेले, अंगाखालीं धड चटई नाहीं, धुतलेला सदरा नाहीं. बाईंनीं धोबीखाना काढिला, स्वयंपाकघर सुधारिलें, पट्ट्या व कपडे विकत आणविले. दिव्याची गोष्ट ह्याच ठिकाणची.

पण त्यांच्या नजरेनें तेथें आणखी एक गोष्ट टिपिली. किती शिपाई मेले, हें कोणासच नीट ठाऊक नव्हतें! दफनाची नोंद एकीकडे, डॉक्टरांची नोंद दुसरीकडे, लष्करी कचेरीची तिसरीकडे. आणि तिहींचा मेळ कोठेंच बसेना. एकाच रोगास एक डॉक्टर एक नांव देई, तर दुसरा दुसरें. कित्येक माणसें तर ज्यांचें नांवही कोणी लिहून घेतलें नाहीं अशीं पुरलीं गेलीं. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याचें व दफनाचें पुस्तक ज्या बंधूंच्या हातीं असतें, त्यांस ह्यांतील दुःख विशेष कळेल. मुलगा मेला कीं जिवंत आहे ह्याची वाट इंग्लंडांतील एखाद्या खेड्यांत आई पाहत बसलेली असावयाची, आणि तिला उत्तर देणारें एकही पान सरकारच्या दप्तरांत नसावयाचें.

पहिल्या हिवाळ्यांत तेथें फार माणसें मेलीं. १८५५ च्या फेब्रुवारींत इस्पितळांत आलेल्या दर शंभर रोग्यांमागें सुमारें ४२ दगावले. मार्च महिन्यांत डॉ. सदरलंड यांच्या हाताखालीं स्वच्छतेची चौकशी करणारी एक मंडळी इंग्लंडहून आली. तिनें पाहिलें तों इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं, त्यांची दुर्गंधी भिंतींतून ओवऱ्यांत येत असलेली, आणि पिण्याच्या पाण्याच्या पाटांत मेलेला घोडा. तिनें पांचशेंहून अधिक हातगाड्या घाण बाहेर काढिली, गटारें धुऊन वाहतीं केलीं, भिंतींस चुना दिला, हवेसाठीं वाटा पाडिल्या. जून महिन्यापर्यंत शंभरांत ४२ चें प्रमाण शंभरांत सुमारें दोनावर आलें.

येथें एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. इतकें डोळ्यांदेखत घडलें, तरी नाइटिंगेलबाईंस त्या वेळीं त्याचें खरें कारण उमगलें नव्हतें. शिपाई आघाडीवर उपाशी राहिले, थंडीनें गारठले, आणि अर्धमेले होऊन आमच्याकडे आले, म्हणून मेले, असें त्यांस वाटत होतें. सन १८५६ च्या ऑगस्टांत त्या परतल्या तेव्हां सर्व देश त्यांचा जयजयकार करीत होता. त्यांनीं मिरवणूक टाळिली, व थोड्याच दिवसांत डॉ. विल्यम फार यांची गांठ घेतली.

हे फारसाहेब श्रॉपशर परगण्यांतील एका गरीब घरांत जन्मलेले. इंग्लंडांत १८३७ पूर्वी जन्ममृत्यूंची खातरीची नोंद म्हणजे बहुधा गांवोगांवच्या चर्चमधील बाप्तिस्म्याचीं व दफनाचीं पुस्तकेंच. त्या सालापासून सरकारनें ती नोंद आपल्या हातीं घेतली, आणि कोण कशानें मेला ह्याचें वर्गीकरण करण्याचें काम फारसाहेबांकडे आलें. त्यांनीं व नाइटिंगेलबाईंनीं मिळून लढाईचे सारे कागद पुनः तपासिले. सन १८५५ च्या एकट्या जानेवारी महिन्यांत साथीच्या व तत्सम रोगांनीं २,७६१ माणसें मेलीं होतीं, जखमांनीं ८३, आणि इतर कारणांनीं ३२४. म्हणजे रशियाच्या गोळीनें मारिलेल्या एका माणसामागें घाणीनें व रोगानें तीसांहून अधिक मारिले. त्याहून कठीण गोष्ट अशी निघाली कीं, आघाडीजवळच्या इस्पितळांपेक्षां स्कुटारीच्या इस्पितळांत मृत्यूचें प्रमाण जास्त होतें, आणि गटारें साफ होतांच तें खालीं आलें. उपासमार व थंडी हीं कारणें खरीं होतीं, पण तेवढ्यानें हिशेब जुळेना. ज्या घरांत त्या स्वतः दिवा घेऊन फिरत होत्या, तें घरच माणसें मारीत होतें.

आंकड्यांनीं दुसऱ्याचा दोष दाखविला तर माणसाला तो लगेच पटतो. आपल्याकडे बोट दाखविलें कीं मग वही चुकली, लिहिणारा चुकला, मोजणारा चुकला! बाईंनीं वहीला दोष दिला नाहीं. त्यांनीं तीच गोष्ट आठशेंहून अधिक पानांच्या अहवालांत लिहून १८५८ सालीं छापविली, व तो अहवाल अधिकाऱ्यांच्या हातीं दिला. ह्याच सुमारास, १८५७ सालीं, त्यांची प्रकृति अगदीं ढांसळली, व पुढें अनेक वर्षें त्यांनीं बहुतेक काम अंथरुणावरून केलें. हा क्रिमियांत जडलेला ज्वर होता असें आजचे कित्येक डॉक्टर मानितात. सत्य कळल्याचा तो धक्का होता असें एका चरित्रकाराचें म्हणणें आहे, तें इतरांस मान्य नाहीं. असो.

मंत्री लोक लांबलचक कोष्टकें वाचीत नाहींत, हें बाईंस पक्कें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं एक आकृति काढिली. एक वाटोळें चाक घ्या. त्याचे बारा महिन्यांचे बारा फाळ करा. ज्या महिन्यांत मरण अधिक, त्या महिन्याचा फाळ बाहेर लांब पसरलेला. टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेल्यांसाठीं निळा रंग, जखमांनीं मेलेल्यांसाठीं तांबडा, इतरांसाठीं काळा. चित्र उघडतांच सगळीकडे निळेंच निळें दिसावें आणि तांबडें मध्यावर चिमूटभर. अक्षरशत्रूसही तें एका नजरेंत कळावें. त्याच १८५८ सालीं लंडनच्या आंकडेशास्त्राच्या संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री.

लढाई नसतांना देखील हाच प्रकार चालू होता. इंग्लंडांत बराकींत शांतपणें राहणाऱ्या शिपायांत हजारीं १७, १९, २० मृत्यु होत, तर त्याच वयाच्या सामान्य नागरिकांत हजारीं ११. म्हणजे दर वर्षीं अकराशें धट्टेकट्टे तरुण मैदानांत उभे करून त्यांस गोळ्या घालण्याइतकाच हा अपराध आहे, अशा अर्थाचें बाईंनीं स्पष्ट लिहिलें. हर्बर्टसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं १८५७ सालीं कमिशन नेमलें गेलें, बराकींत हवा व पाणी यांची सोय होऊं लागली, आणि लष्करांत आरोग्याचे आंकडे ठेवण्याचें निराळें खातें निघालें. बाई स्त्री असल्यामुळें कमिशनवर त्यांस जागा नव्हती. प्रश्न, कागद व कोष्टकें मात्र पुष्कळशीं त्यांच्याच खोलींतून जात.

सर्व इस्पितळांनीं एकाच छापील नमुन्यावर हिशेब ठेवावा, ही त्यांची पुढली खटपट. वर्षारंभीं रोगी किती, नवे आले किती, बरे झाले किती, असाध्य म्हणून घरीं धाडिले किती, मेले किती, आणि रोगाचीं नांवें सगळीकडे एकच. लंडन येथें १८६० सालीं भरलेल्या आंतरराष्ट्रीय आंकडेशास्त्र परिषदेनें ही योजना उचलून धरिली, व लंडनच्या कांहीं इस्पितळांनीं ती चालवूनही पाहिली. पण नमुने भरणें किचकट व खर्चाचें झालें, रोगांच्या यादीवर डॉक्टरांचें एकमत होईना, आणि योजना मागें पडली. इंग्लंडच्या १८६१ च्या खानेसुमारींत घरांची स्थिति व घरांतील आजारी माणसें ह्यांचीही नोंद व्हावी म्हणून त्यांनीं खटपट केली, तींतही त्यांस अपयश आलें. ह्याच वर्षीं हर्बर्टसाहेब वारले.

आणखी एकदां वहीनें बाईंच्या घरचाच दोष उघडा केला. त्यांच्या नांवें लोकांनीं जमविलेल्या फंडांतून किंग्ज कॉलेज इस्पितळांत सुइणींस शिक्षण देण्यासाठीं बाळंतिणींची एक ओवरी उघडली होती. खेड्यापाड्यांतील गरीब स्त्रियांस शिकलेली सुईण मिळावी हा हेतु. पण पांच-सहा वर्षांची नोंद पाहतां तेथें हजारीं तीसांहून अधिक बाळंतिणी मेल्याचें दिसलें, तर साऱ्या इंग्लंडांत, गरिबांचीं घरेंदारें धरूनही, हें प्रमाण हजारीं सुमारें पांच होतें. झोंपडींत बाळंत होणारी बाई इस्पितळांतल्या बाईपेक्षां सुरक्षित! १८६७ सालीं ती ओवरी बंद करण्यांत आली. पुढें १८७१ मध्यें बाईंनीं ह्या विषयावर पुस्तक लिहिलें, त्यांत आपल्याच ओवरीचे आंकडे इतरांच्या आंकड्यांबरोबर मांडिले.

बाईंच्या हातून चुका झाल्या नाहींत असें नव्हे. स्पर्शानें रोग पसरतो हें त्यांनीं फार वर्षें मानिलें नाहीं. घाण व कोंदट हवा हेंच सर्व रोगांचें मूळ असा त्यांचा आग्रह असे. सूक्ष्म जंतूंचा शोध लागल्यावरही त्यांचें मन हळूहळूच वळलें.

हिंदुस्थानचा संबंध १८५९ पासून. येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं त्या वर्षीं कमिशन बसलें, आणि बाईंनीं तयार केलेले प्रश्नांचे नमुने प्रत्येक लष्करी ठाण्यास गेले. उत्तरांचे इतके गठ्ठे आले कीं घर बदलतांना ते वाहून न्यावयास दोन गाड्या लागल्या. १८६३ च्या अहवालाप्रमाणें फौजेंत हजारीं ६९ मृत्यु होत होते. पुढल्या वर्षीं बंगाल, मद्रास व मुंबई ह्या तिन्ही इलाख्यांत आरोग्याचीं कमिशनें नेमलीं गेलीं, आणि दहा वर्षांनीं तोच आंकडा हजारीं १८ वर आल्याचें बाईंनीं १८७३ सालीं लिहिलें. त्या स्वतः हिंदुस्थानांत कधींच आल्या नाहींत.

आरंभीं त्यांचें लक्ष शिपायापुरतें होतें. पण बराकीच्या भिंतीपलीकडे बाजार, बाजारापलीकडे गांव, आणि पटकीला भिंत कोठली? मग रयत, पाटबंधारे, दुष्काळ, सावकार ह्या विषयांवर त्या लिहूं लागल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, व बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ सालीं निघालेल्या चरित्रास त्यांनीं प्रस्तावना लिहिली. मुंबई सरकारनें १८८९ सालीं ग्रामस्वच्छतेचा कायदा केला, पण पैसा कोठून यावा हा प्रश्न राहिलाच. रस्ते व इतर कामें ह्यांच्या आधीं विहिरींची व गांवाची स्वच्छता ह्यांवर गांवपट्टीचा पैसा खर्च व्हावा, असा अर्ज त्यांनीं इतरांसह १८९२ सालीं हिंदुस्थानच्या मंत्र्यांकडे पाठविला. सरकारनें तो मनावर घेतला नाहीं. १८९४ सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, बुडापेस्टच्या आरोग्य परिषदेसाठीं त्यांनीं हिंदुस्थानांतील खेड्यांच्या स्वच्छतेवर निबंध लिहिला.

पुढें दृष्टि गेली, स्मरणही मंदावलें. तरी हिंदुस्थानच्या आरोग्यखात्याचे कागद लंडनच्या कचेरींतून शिरस्त्याप्रमाणें त्यांच्या घरीं येतच होते. आतां ते पाठविण्यांत अर्थ नाहीं, असें १९०६ सालीं कचेरीस कळवावें लागलें. १९०७ सालीं राजाकडून ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान आला. तोवर कोणाही स्त्रीला तो मिळाला नव्हता. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजीं नव्वदाव्या वर्षीं त्या देवाघरीं गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें दफन करण्याची सूचना नातलगांनीं नाकारिली. ईस्ट वेलो ह्या खेड्यांतील चर्चच्या आवारांत, आईबापांजवळ, त्यांस पुरलें. दगडावर त्यांचें पूर्ण नांव नाहीं, एफ. एन. हीं दोन अक्षरें, आणि जन्माची व मृत्यूची तारीख.