साठीनंतर कॅमेरा शिकलेल्या इसाबेला बर्ड

इसाबेला बर्ड यांचा जन्म १८३१ साली इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. लहानपणापासून पाठीच्या कण्याचं दुखणं. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सुचवला आणि मग बाईंचा पाय घरात ठरेना. हवाई बेटं, अमेरिकेतील रॉकी पर्वत, जपान! गंमत म्हणजे डोंगरदऱ्यांतून घोडा हाकणाऱ्या या बाई घरी परतल्या की पुन्हा आजारी पडत.

प्रवासात जे दिसेल ते त्या धाकट्या बहिणीला, हेन्रिएटाला, पत्रांतून कळवत. त्याच पत्रांची पुढे पुस्तकं झाली. १८८० मध्ये बहीण गेली, १८८६ मध्ये पती डॉ. बिशप गेले. पत्र लिहावं असं घरात कुणी उरलं नाही.

१८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. (पुढच्याच वर्षी नव्या स्त्रियांसाठी दार बंद केलं, ते वेगळंच!) साठी ओलांडल्यावर त्या सोसायटीचे छायाचित्रण शिक्षक जॉन थॉमसन यांच्याकडे फोटोग्राफी शिकल्या. आपण नवं ॲप शिकायलाही कुरकुरतो.

१८९६ मध्ये चीनच्या यांगत्से नदीवर होडी हीच त्यांची डार्करूम होती. दिवसा फोटो काढायचे, रात्री अंधारात निगेटिव्ह धुवायच्या, त्याही नदीच्या गढूळ पाण्यात. लिआंगशानला तर जमाव अंगावर धावून आला. तरी बाई पुढे गेल्याच. ते फोटो १८९९ मध्ये त्यांच्या पुस्तकात आले.

सत्तरीच्या उंबरठ्यावर मोरोक्को झालं. १९०४ मध्ये एडिंबरोला त्या वारल्या, तेव्हा पुन्हा चीनला जायचा बेत चालू होता.