आकडे एका ओळीत मांडणारा गणिती

बाळाच्या लसीकरणाचे सहा, दहा आणि चौदा हे आठवडे आरोग्यसेविकेला तोंडपाठ असतात. संगणकाला ते कुणीतरी आधी सांगावे लागतात. ते कसे सांगावेत, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. साठ वर्षांपूर्वी त्याचे सर्वांत सोपे उत्तर अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात दोन गणितज्ञांनी शोधले. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ ही त्यांची नावे, आणि त्यांच्या भाषेचे नाव बेसिक.

केमेनी यांचा जन्म 31 मे 1926 रोजी बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. हिटलरची सावली हंगेरीवर पडू लागली तेव्हा वडिलांनी धोका ओळखला आणि 1940 मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला पोहोचले. आजोबांनी घर सोडायला नकार दिला. पुढे ज्यूंच्या संहारात त्यांचा बळी गेला. चौदा वर्षांच्या जॉनला इंग्रजी धड येत नव्हते, तरी तीन वर्षांत तो शाळेतून पहिला आला आणि प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकू लागला.

शिक्षण अर्धवट असतानाच 1945 मध्ये त्यांना सैन्यातून लॉस अलामोसला पाठवण्यात आले. अणुबाँबच्या त्या प्रकल्पात रिचर्ड फाइनमन यांच्या हाताखालच्या गणनविभागात ते काम करीत. तिथे आजच्या अर्थाने संगणक नव्हताच. हिशेबनिसांसाठी बनवलेली सतरा यंत्रे, छिद्रे पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे आणि ते गठ्ठे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेणारी माणसे, असा तो कारखाना रात्रंदिवस चाले. एक गणित सुटायला तीन-तीन आठवडे लागत. एखादा गठ्ठा मागेपुढे झाला की सगळ्या श्रमांवर पाणी. तिथेच त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांचे व्याख्यान ऐकले. आज्ञा आणि आकडे दोन्ही यंत्राच्या स्मृतीत साठवता येतील, ही त्यातली कल्पना केमेनींच्या मनात घर करून राहिली.

पुढे 1948-49 मध्ये ते आइन्स्टाइन यांचे गणित-साहाय्यक झाले, 1949 मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि 1953 मध्ये ते डार्टमथला आले. दोनच वर्षांत गणित विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. इतिहास, साहित्य किंवा वैद्यकाच्या वाटेवर जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता आला पाहिजे, असा त्यांचा आणि कुर्ट्झ यांचा हट्ट होता. त्या काळी तो वेडेपणाच मानला गेला असता, कारण संगणक म्हणजे काचेआडची वस्तू आणि तिच्याशी बोलणारे पुजारी ठरलेले. या दोघांनी एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी व्यवस्था उभारली. ती रचण्याचे बरेचसे काम पदवीचे विद्यार्थीच करीत होते. 1 मे 1964 च्या पहाटे चार वाजता बेसिकमधले पहिले कार्यक्रम चालले.

भाषेत अवघ्या पंधराएक आज्ञा होत्या. त्यांतल्या डेटा, रीड आणि डिम या तीन आज्ञांकडे आज फारसे कुणी लक्ष देत नाही. केमेनी-कुर्ट्झ यांनी आकड्यांच्या ओळीला यादी म्हटले आणि आडव्या-उभ्या मांडणीला तक्ता. किराण्याच्या दुकानातही चालतील असे हे शब्द. समजा, बारा महिन्यांचे दिवस यादीत भरायचे आहेत. एकेका घरात आकडा ठेवायचा तर बारा ओळी लिहाव्या लागतात. बेसिकमध्ये डिम या आज्ञेने बारा घरांची जागा राखायची, फॉर आणि नेक्स्ट यांच्यामध्ये रीड ही आज्ञा ठेवायची आणि शेवटी डेटा या शब्दापुढे 31, 28, 31, 30 असे आकडे स्वल्पविराम देत एका ओळीत लिहून टाकायचे. यंत्र एकेक आकडा उचलून क्रमाने घरात ठेवते.

यातली खरी खुबी अशी, की आकडे एकीकडे राहतात आणि त्यांचे काय करायचे ते दुसरीकडे. लसीकरणाचे वेळापत्रक बदलले तर फक्त डेटाची ओळ बदलायची, बाकीच्या कार्यक्रमाला हातही लावायचा नाही. औषधांच्या मात्रांचा तक्ता वेगळ्या पानावर ठेवणारा औषधनिर्माता हेच करतो.

पण ही सोय बेसावध माणसाला फसवतेही. ओळीतला एक आकडा टंकताना राहिला, तर पुढचे सगळे आकडे एक घर अलीकडे सरकतात. फेब्रुवारीला 31 दिवस मिळतात आणि डिसेंबरची पाळी आल्यावर आकडे संपले म्हणून यंत्र थांबते. हे त्यातल्या त्यात बरे. एक आकडा गळला आणि दुसरा चुकून दोनदा पडला, तर संख्या जुळते आणि यंत्र अवाक्षर काढत नाही. महिन्यांच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. वजनानुसार बाळाला द्यायच्या मात्रेचा तक्ता असा सरकला, तर नाही.

दोनेक वर्षांत भाषेत मॅट हा शब्द आला आणि पूर्ण तक्ता एका ओळीत भरता येऊ लागला. झेर म्हटले की सगळीकडे शून्य, कॉन म्हटले की सगळीकडे एक. प्रत्येक घरात सात हवे असतील, तर एकाने भरलेल्या तक्त्याला सातने गुणायचे. गणितज्ञाला शून्याने सुरुवात करणे स्वाभाविक वाटते. रुग्णालयात मात्र ते जपून करावे लागते. न झालेल्या तपासणीच्या रकान्यात शून्य भरून ठेवले, तर ते तपासून आलेले की नुसते भरलेले, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

भरलेली खूण आणि खरी स्थिती यांतले अंतर किती महागात पडते, हे केमेनींना आयुष्याच्या उत्तरार्धात पाहावे लागले. 1970 मध्ये ते डार्टमथचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, 1972 पासून, मुलींना तिथे पदवीसाठी प्रवेश मिळू लागला. 28 मार्च 1979 रोजी पेन्सिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात अपघात झाला आणि राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी चौकशी आयोगाची धुरा केमेनींकडे दिली.

त्या केंद्रात एक झडप उघडीच अडकली होती. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडप बंद करण्याचा हुकूम गेला एवढेच सांगत होता. झडप खरोखर बंद झाली का, हे नव्हे. पहिल्या काही मिनिटांत शंभरावर धोक्याचे इशारे एकदम वाजले. गोंधळलेल्या कर्मचाऱ्यांनी आणीबाणीचे थंड पाणीच कमी केले. ऑक्टोबरमध्ये आलेल्या अहवालाने यंत्रांपेक्षा माणसांवर, त्यांच्या प्रशिक्षणावर आणि नियामक संस्थेच्या वृत्तीवर अधिक बोट ठेवले. आरोग्याबाबतचा निष्कर्ष डॉक्टरांनी लक्षात ठेवावा असा आहे: परिसरात पसरलेला किरणोत्सर्ग अल्प होता, आणि लोकांच्या प्रकृतीवर झालेला मुख्य परिणाम मानसिक ताणाचा होता. परस्परविरोधी बातम्यांनी तो वाढवला. थायरॉइडच्या संरक्षणासाठी लागणारे पोटॅशियम आयोडाइड पुरेसे साठवलेलेच नव्हते, हेही उघड झाले.

दरम्यान बेसिक घराघरांत पोहोचले होते. भारतात 1984 नंतर शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रो संगणकांवर मुले हीच भाषा शिकली. छोट्या यंत्रांत बसवताना तिची जी मोडतोड झाली, ती मात्र केमेनी आणि कुर्ट्झ यांना पसंत नव्हती, म्हणून 1983 मध्ये त्यांनी ट्रू बेसिक ही सुधारित आवृत्ती काढण्यासाठी कंपनी स्थापन केली.

26 डिसेंबर 1992 रोजी, वयाच्या 66 व्या वर्षी, केमेनी यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांच्या ट्रू बेसिकमध्ये ओळींना क्रमांक देण्याची सक्ती उरली नव्हती. डेटा, रीड आणि मॅट मात्र होते तसेच राहिले.