वाकलेल्या माना ताठ झाल्या

माणूस कुठे बसतो, कसा उभा राहतो, यावरूनच पूर्वी त्याची पायरी ठरे. महाराने कमरेत वाकून जोहार घालायचा. सहा फुटी गडी असला तरी गावापुढे तो बुटकाच! आम्हा मुळशीकरांच्या आजे-पणज्यांचा काळ तो.

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार, घरात शिस्त. पण साताऱ्याच्या शाळेत भीमराव वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसत. पुढे ते बॅरिस्टर झाले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आयाबहिणींना लुगडं नीट नेसायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितलं.

१९२९ साली चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. आपल्या साहेबांनी पायी जाणं शोभत नाही, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टरची पायरीसुद्धा टांगेवाल्याच्या खालीच धरली जात होती!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ते एका हातात काठी, दुसरा हात सचिव रत्तूंच्या खांद्यावर, असे मंचावर आले. शरीर थकलेलं. स्वतः दीक्षा घेतल्यावर त्यांनी दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं. सारा जनसमुदाय उठून उभा राहिला.

आज विहारात आपण सारे एकाच सतरंजीवर बसतो. बुद्धापुढे वाकतो ते आपखुशीने. बाहेर मात्र आपली लेकरं कुणापुढे लाचारीने वाकू नयेत, एवढं आपण पाहू या.

जयभीम!